बेळगावहून क्रूझला जायचंय? सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहाजण मुंबई-गोवा क्रूझ करून आलो, फोटो स्टेटसला टाकले आणि तेव्हापासून जे फोन सुरू झालेत ते अजून थांबले नाहीत. टिळकवाडीतून, शहापुरातून, निपाणीतून, खानापुरातून, एकदा तर कारवारहून. मी एजंट नाही, कमिशन घेत नाही. कोरोनाच्या आधी एकदा सिंगापूरहून आणि नंतर दोनदा मुंबईहून जाऊन आलोय, एवढंच माझं ज्ञान. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. माहिती मार्च २०२३ पर्यंतची आहे, नियम बदलत असतात, पैसे भरायच्या आधी एकदा खात्री करा. प्रश्न तुम्ही पाठवलेलेच आहेत, मी फक्त "हाय काय" चं "आहे का" केलंय, तेपण सगळीकडं नाही.

१. क्रूझ म्हणजे गोव्यात मांडवीत संध्याकाळी फिरवतात तसलंच की आणि काय?

नाही ओ. मांडवीतली बोट तासाभराची, गाणी लागतात, नाच होतो, उतरायचं. ही क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. दोन रात्रीपासून पुढं कितीही, खोली तुमची, जेवण तिकिटात, आणि जहाज रात्री चालून सकाळी दुसऱ्या बंदराला लागतं. सामान एकदाच उघडायचं, हा मोठा फायदा. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेलं गंगा विलास जहाज पेपरात आलं होतं, ते ५१ दिवसांचं आणि नदीतलं, ते वेगळं प्रकरण. इथं फक्त समुद्राचं लिहितोय.

आमच्या सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं आलेल्या, डेकवर ट्रंकेला टेकून झोपायचं आणि उलट्या करायच्या, एवढीच त्यांची आठवण. त्यामुळं "बोट" म्हटल्यावर पहिलं उत्तर "मी न्हाई येत" होतं. मग आल्या. पुढं त्यांचा उल्लेख येईल.

२. कोरोनात सगळं बंद पडलं होतं, आता खरंच सुरू झालंय का?

झालंय. अमेरिकेनं मार्च २०२० मध्ये जहाजं थांबवली होती, ती जून २०२१ पासून हळूहळू सुटली. सिंगापूरनं नोव्हेंबर २०२० मध्येच कुठल्याही बंदराला न लागता फिरून परत येणाऱ्या फेऱ्या चालू केल्या होत्या. आपल्याकडं मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया या कंपनीची फेरी सुरू झाली, आयआरसीटीसीच्या साईटवरपण तिकीट मिळतं. तिचं एम्प्रेस हे जहाज १९९० सालचं आहे, आधी रॉयल कॅरिबियनकडं होतं. जुनं आहे, खरं नीट ठेवलंय.

काही कंपन्या मात्र गेल्याच. मुंबईहून २०१९ ला थाटात सुरू झालेलं कर्णिका जहाज २०२० मध्ये अलंगला भंगारात गेलं, आणि सिंगापूर-हाँगकाँगकडच्या एका मोठ्या ग्रुपनं जानेवारी २०२२ मध्ये हात वर केले. त्यातलंच गेंटिंग ड्रीम जहाज जून २०२२ पासून नव्या कंपनीच्या नावानं परत सिंगापूरहून चालू आहे. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधली अर्धी जहाजं आता पाण्यावरच नाहीत, त्यावरून प्लॅन करू नका.

३. जहाजावर रोग पसरतो म्हणतात, ते जपानचं जहाज आठवतंय. भीती वाटते. जावं का?

भीती बिनकामाची नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकवून ठेवलं होतं, त्यावर ३,७११ माणसं होती आणि ७१२ जणांना लागण झाली. भारतीय होते १३८, त्यातले १३२ तर कामावरची पोरं. आपल्या भागातली, गोव्या-कोकणातली कितीतरी पोरं जहाजावर कामाला असतात, त्यामुळं ती बातमी आपल्याकडं घराघरात बघितली गेली. आपल्या मुंबई-गोवा फेरीवरसुद्धा जानेवारी २०२२ मध्ये, ओमिक्रॉनच्या लाटेत, टेस्ट केल्यावर ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज गोव्याहून परत मुंबईला आणलं.

खरं २०२० ला लस नव्हती आणि आता आहे, हा फरक मोठा. माझं मत विचाराल तर लग्नाच्या हॉलमध्ये हजार माणसांच्या पंगतीला तुम्ही बसत असाल तर जहाजाला घाबरायचं कारण नाही. डायलिसिस, केमो असलं काही चालू असेल तर सध्या नको, आणि डॉक्टरला न विचारता तर नकोच.

एक गोष्ट लक्षात ठेवा, जहाजावर कोरोनाच्या आधीपासून खरा त्रास द्यायचा तो जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस. त्याच्यावर सॅनिटायझर नीट चालत नाही. बुफेला जायच्या आधी साबणानं हात धुवा, दारात बाटलीतलं दोन थेंब चोळून भागत नाही.

४. लसीचं सर्टिफिकेट, आरटी-पीसीआर, एअर सुविधा फॉर्म, काय काय लागतं आता?

एअर सुविधा म्हणजे भारतात येताना ऑनलाइन भरायचा फॉर्म, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. १ जानेवारी २०२३ पासून सिंगापूर, थायलंड, जपान वगैरे देशांतून भारतात येताना आरटी-पीसीआर आणि हा फॉर्म परत लावला होता, तेपण फेब्रुवारीत उठवलं. त्याच महिन्यात सिंगापूरनंही लस न घेतलेल्यांची टेस्ट काढून टाकली. सिंगापूरला एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे, ते मात्र अजून आहे.

देशाचा नियम एक आणि जहाज कंपनीचा दुसरा, दोन्ही बघायचे. सरकार काही मागत नाही आणि कंपनी सर्टिफिकेट मागते असं होऊ शकतं. म्हणून लसीचं सर्टिफिकेट प्रिंट काढून फाईलला लावून ठेवाच, दहा रुपयाचा कागद आहे.

५. पहिला डोस बेळगावात घेतला आणि दुसरा चंदगडला. दोन वेगळी सर्टिफिकेटं आलीत, दोन्हीवर "पहिला डोस"च आहे. आता?

हा आपल्या सीमाभागाचा खास प्रश्न. लस मिळेना म्हणून माणसं गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूर कुठंही गेली आणि दुसऱ्या मोबाईल नंबरवर नवीन नोंद झाली. कोविन साईटवर लॉगिन करून "रेझ ॲन इश्यू" मध्ये जा, दोन पहिल्या डोसची सर्टिफिकेटं एकत्र करायची सोय तिथंच आहे. नाव आणि जन्मसाल दोन्हीकडं सारखं असेल तर पटकन होतं. परदेशी जायचं असेल तर पासपोर्ट नंबरपण तिथंच जोडा आणि पूर्ण जन्मतारीख असलेलं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट काढा. नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधी प्रश्न १३ वाचा.

६. पहिल्यांदाच चाललोय, कुठली क्रूझ घेऊ?

मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. पासपोर्ट नको, व्हिसा नको, आवडलं नाही तर परवा घरी. ते आवडलं तर मग लक्षद्वीप, मग सिंगापूरहून मलेशिया-थायलंडकडं जाणारी. थेट युरोपची दहा दिवसांची घेऊन तिसऱ्या दिवशी कंटाळलेले लोक मी बघितलेत.

लक्षद्वीपबद्दल दोन शब्द. तिथं जायला भारतीयांनाही परमिट लागतं, ते बहुतेक कंपनीच काढून देते, तुम्ही कागद वेळेत द्यायचे. आणि तिथं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्याला नेतात. लाट असली तर नेतच नाहीत, बंदर रद्द, आणि त्याचे पैसे परत मिळतीलच असं नाही. गुडघेदुखीवाल्यांनी हा विचार आधी करावा.

७. कुठल्या महिन्यात जायचं?

ऑक्टोबर ते मे. नारळी पौर्णिमेला नारळ टाकल्याशिवाय कोळी होडी काढत नाहीत, ते उगीच नाही. २०२२ च्या पावसाळ्यात मुंबईचं जहाजसुद्धा चेन्नईकडं नेलं होतं. सगळ्यात शांत समुद्र मला डिसेंबर-जानेवारीत वाटला, खरं तेव्हाच भाडं सगळ्यात जास्त, न्यू इयरला तर विचारूच नका. शाळेची भानगड नसेल तर फेब्रुवारीतले मधले वार पकडा.

८. जाहिरातीत एक आकडा असतो आणि बिल भलतंच येतं. खर्च धरायचा कसा?

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीचा, दोघांनी मिळून राहायचं धरून, एका माणसाचा असतो. त्याच्यावर बंदराचे चार्जेस, सर्व्हिस चार्ज म्हणजे टिप, आणि जीएसटी. मी हिशोबाला बसलो की जाहिरातीतल्या आकड्याच्या दीडपट धरतो, कमी आलं तर आनंद. एकटे जाणार असाल तर दुसऱ्या माणसाचंही बरचसं भाडं तुमच्याकडूनच घेतात, कारण खोली दोघांची. आमचे एक मित्र एकटे गेले आणि "न झोपलेल्या खाटंचं भाडं दिलं" म्हणून वर्षभर सांगत फिरले.

मग वरचा खर्च. जेवण तिकिटात असलं तरी स्पेशल रेस्टॉरंट, दारू, कोल्ड्रिंक, स्पा, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल, काही शो हे सगळं वेगळं. जहाजावर रोख चालत नाही, एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. पोरांच्या हातात ते कार्ड दिलं की झालं, आईस्क्रीम, गेम, परत आईस्क्रीम. काउंटरवर सांगून पोरांच्या कार्डावरचा खर्च बंद करता येतो, पहिल्याच दिवशी करा. आणि आपल्या हिशोबात बेळगाव-मुंबई जाणं-येणं आणि मुंबईतली एक रात्र धरायला विसरू नका, ती का ते प्रश्न १० मध्ये.

९. परदेशी क्रूझवर टीसीएस म्हणून पैसे कापले, हे काय नवीन?

नवीन नाही, ऑक्टोबर २०२० पासून आहे. टीसीएस म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच कापून घ्यायचा इन्कम टॅक्स, परदेशी टूर पॅकेजवर एजंट तो सुरुवातीला ५ टक्के घ्यायचा. २०२३ च्या बजेटमध्ये १ जुलै २०२३ पासून ते २० टक्के करायचं जाहीर झालं होतं, नंतर त्यात बदल झाले, त्यामुळं पैसे भरताना तेव्हाचा दर विचारून घ्या. हे पैसे बुडत नाहीत, पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना वळते होतात किंवा परत येतात. रिटर्न न भरणाऱ्या पेन्शनर मंडळींनी तेवढ्यासाठी तरी भरावं. मुंबई-गोव्याला हे लागू नाही.

१०. बेळगावहून मुंबईच्या जहाजापर्यंत कसं पोचायचं? रात्रीच्या बसनं सकाळी उतरून थेट जहाज पकडू का?

पकडू नका. हात जोडून सांगतो, पकडू नका. माझ्याकडं आलेल्या सगळ्या रडकथा जहाजावरच्या नाहीत, जहाजाच्या आधीच्या आहेत.

मुंबई साधारण ५०० किलोमीटर. ट्रॅव्हल्सची बस म्हणते सकाळी सातला, आणि पुण्याच्या पुढं घाटात कंटेनर आडवा झाला की दुपार. आम्ही दुसऱ्या वेळी असंच केलं, बस साताऱ्याच्या अलीकडं बंद पडली, ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन लागेना, दुसऱ्या बसमध्ये उभं राहून आलो आणि काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचलो. सासूबाईंनी तेवढ्या वेळात किती देवांना नवस बोलले ते अजून फिटतायत. जहाज विमानासारखंच, वाट बघत नाही, आणि चढायचं काउंटर सुटायच्या काही तास आधीच बंद होतं.

दुसरं कारण आपलं नेहमीचं. सीमेवर काही झालं की पहिल्यांदा बस बंद होते. कोरोनात कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआरच्या कागदासाठी लोकांना परत फिरवलेलं सगळ्यांना आठवतंय. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि एसटीनं कर्नाटकात यायच्या गाड्या थांबवल्या. १ नोव्हेंबरच्या आसपास, हिवाळी अधिवेशन चालू असताना, कोर्टाची तारीख असताना, असल्या दिवसांत क्रूझ असेल तर बसवर विसंबू नका. त्या काळात महाराष्ट्र पासिंगची गाडी इकडं आणि इकडची तिकडं नेतानाही जरा चौकशी करून निघा.

मला रेल्वे बरी वाटते. चालुक्य, शरावती दादरपर्यंत जातात, तिकीट मात्र आधी काढून ठेवावं लागतं. सांब्र्याहून विमान असेल तर उत्तम, खरं त्याचं वेळापत्रक सारखं बदलतं, म्हणून विमानपण आदल्या दिवशीचंच. मुंबईत जहाज बॅलार्ड इस्टेटला ग्रीन गेटमधून लागतं, सीएसएमटीहून टॅक्सीनं अगदी जवळ. आदल्या रात्री फोर्टात किंवा दादरला राहा, नातेवाईक तर प्रत्येकाचे असतातच.

११. एवढं मुंबईला कशाला, गोवा आपल्याला जवळ. गोव्यातून चढता येतं का?

काही फेऱ्यांना येतं, बुकिंग करताना "चढायचं बंदर" बघा. आपल्याला हे सगळ्यात सोयीचं, चोरला घाटातून तीन-साडेतीन तासांत माणूस गोव्यात. बंदर मुरगावचं आहे, म्हणजे वास्कोकडं, पणजीला नाही. एकजण पणजीच्या जेटीवर बॅगा घेऊन उभे होते. गोवा एक्स्प्रेस बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक करत वास्कोलाच जाते, दूधसागर फुकट दिसतो.

उलटपण करता येतं, मुंबईहून चढून गोव्यात उतरायचं आणि तिथून घरी. फक्त गोव्यात उतरणार हे आधी बुकिंगमध्ये असलं पाहिजे, मध्येच मनाला आलं म्हणून बॅग घेऊन उतरता येत नाही. परत येताना कणकुंबीला गाडी तपासतात, तेव्हा बाटल्यांचा उत्साह आवरा.

१२. पासपोर्ट लागतो का? बेळगावात निघतो का?

मुंबई-गोवा, लक्षद्वीपसारख्या देशातल्या फेरीला आधार किंवा दुसरं फोटोचं सरकारी ओळखपत्र चालतं. ओरिजिनल न्या, झेरॉक्सवर अडवतात. परदेशी फेरीला पासपोर्ट, आणि परत यायच्या तारखेपासून पुढं सहा महिने त्याची मुदत हवी.

पासपोर्टसाठी आता हुबळीला खेटे घालायला नकोत, बेळगावच्या हेड पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ऑनलाइन अपॉइंटमेंट मिळेल तिथली घेता येते, निपाणीकडचे काहीजण कोल्हापूरला जातात, पण पोलीस चौकशी तुमच्या पत्त्यावरच होते. आधी पासपोर्ट हातात आणि मग बुकिंग.

१३. आधारवर एक नाव, पासपोर्टवर वेगळं, मार्क्स कार्डावर तिसरंच. चालेल का?

याच्यावर सगळ्यात जास्त मेसेज आलेत. आपल्याकडं मराठी नाव कन्नडमध्ये लिहिलं जातं आणि कन्नडवरून इंग्रजीत येतं, मग महादेवच्या शेवटी एक "ए" वाढतो, चव्हाणची तीन स्पेलिंगं होतात आणि कुलकर्णीतला एक "आय" कुठंतरी "वाय" होतो. शिवाय इकडच्या पद्धतीनं आडनावाऐवजी नुसती आद्याक्षरं लावलेले कागद असतात.

देशातल्या फेरीला एखादं अक्षर इकडं तिकडं असलं तर सहसा चालवून घेतात. नियम एकच, ज्या ओळखपत्रानं चढणार त्याच्यावर जसं आहे तसंच तिकिटावर घाला. आधारनं चढणार तर आधारसारखं, पासपोर्टनं तर पासपोर्टसारखं, तुम्हाला बरोबर वाटतं तसं नाही.

परदेशात मात्र दगाफटका होतो. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, नुसतं एकच नाव आहे, त्यांना दुबईची अडचण. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईनं एकाच नावाच्या पासपोर्टवर टूरिस्ट व्हिसानं येऊ देणार नाही असं काढलं, मग पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल असा खुलासा केला. दुबईहून क्रूझ घेणार असाल तर आत्ताच पासपोर्ट उघडून बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.

गावाचं नाव बेळगाव की बेळगावी यावरून कुणी अडवत नाही. २०१४ च्या आधीच्या पासपोर्टवर जुनं नाव आणि आधारवर नवं असं माझंच होतं, कधी कुणी विचारलं नाही.

१४. सिंगापूरचा व्हिसा काढला, जहाज मलेशियाला जातं. परत वेगळा व्हिसा? आम्ही तिथं उतरणारपण नाही.

उतरा नाहीतर उतरू नका, जहाज ज्या देशाला लागतं तिथं आपल्याला व्हिसा लागत असेल तर तो कंपन्या चढतानाच मागतात. आणि सिंगापूरहून निघून मलेशिया करून परत सिंगापूरला आलात म्हणजे सिंगापुरात दोनदा शिरलात, व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. हे शंभरातले निम्मे विसरतात. युरोपचंही तेच. इटलीहून निघून तुर्कस्तानला टेकून परत आलात की शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) मल्टिपलच लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलाय, तिथं आता हा घोळ नाही. अमेरिकेकडची क्रूझ असेल तर व्हिसाचं आधी बघा, २०२३ च्या सुरुवातीला टूरिस्ट व्हिसाच्या मुलाखतीलाच वर्षाच्या वर थांबावं लागत होतं.

व्हिसाचं ऑफिस कुठलं हे पत्त्यावर ठरतं. आपण मुंबईला जवळचे समजतो खरं पत्ता कर्नाटकचा, त्यामुळं बऱ्याच देशांना बेंगळुरू. अर्ज भरायच्या आधी त्या देशाच्या साईटवर कर्नाटक कुणाकडं येतं ते बघा.

१५. मला साध्या आंबोलीच्या घाटात उलटी होते. जहाजावर काय होणार?

घाटापेक्षा कमी होणार. मोठ्या जहाजाला हलू नये म्हणून बाजूला पंखासारखी सोय असते, शांत समुद्रात तर आपण चाललोय हेच कळत नाही. तरी खोली खालच्या मजल्यावर आणि मधोमध घ्या, टोकाच्या आणि वरच्या जास्त हलतात. रिकाम्या पोटी राहू नका, क्षितिजाकडं बघा, मोबाईलमध्ये बघू नका. आलेपाक न्या. एव्होमिनसारखी गोळी डॉक्टरला विचारून, आणि ती उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. सासूबाईंनी दोन्ही रात्री ढाराढूर झोप काढली, उलट्या आमच्या धाकट्या मेव्हण्यानं केल्या, त्याला बुफे जबाबदार.

१६. बाल्कनीवाली खोली घ्यावी का?

दोन रात्रींसाठी नाही. खोलीत असता किती? डेकवर तोच समुद्र फुकट दिसतो. चार रात्रींच्या वर असेल, किंवा बरोबर फार न हिंडणारी म्हातारी माणसं असतील, तर घ्या. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी मात्र आतली खोली घेऊ नये, लाइट घालवला की दिवस का रात्र कळत नाही.

१७. आम्ही शुद्ध शाकाहारी. एकादशीपण असते. घरचं खाणं नेलं तर चालेल का?

मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं, भरपूर मिळतं, काळजीच नको. परदेशी जहाजावर बुकिंग करतानाच लिहून द्या आणि चढल्यावर परत एकदा सांगा. उपवासाचं मात्र मागून मिळेल असं धरू नका, फळं आणि दही असतंच, त्यात भागवा.

घरचं शिजवलेलं खाणं आत नेऊ देत नाहीत. आमचा अर्धा किलो कुंदा स्कॅनरवर अडला, तो अधिकारी म्हणाला हे काय आहे, आम्ही म्हटलं खाऊन बघा, त्यानं खाल्ला नाही आणि सोडलापण नाही. बंद पाकिटातला सुका खाऊ कधी चालतो कधी नाही. दारूची बाटली बाहेरून नेली किंवा बंदरात घेतली तर काढून घेतात.

१८. फोन लागतो का?

किनारा दिसेनासा झाला की नाही. फ्लाइट मोडवर टाका. तसंच ठेवलं तर फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि बिल बघून चक्कर येते. जहाजाचं वायफाय विकत मिळतं, महाग आणि मंद. घरी सांगून जा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडं पोलिसात जायची तयारी होते.

१९. सून गरोदर आहे, नात आठ महिन्यांची, आणि सासरे व्हीलचेअरवर. सगळ्यांना नेता येईल का?

बहुतेक कंपन्या ट्रिप संपेपर्यंत २४ वा आठवडा लागणार असेल तर गरोदर बाईंना घेत नाहीत, त्याच्या आत असेल तर डॉक्टरचं पत्र मागतात. बाळ सहा महिन्यांच्या वरचं लागतं, खूप लांबच्या समुद्रप्रवासाला वर्षाच्या वरचं. म्हणजे नात चालेल. व्हीलचेअर जाईल अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात, साध्या खोलीच्या दारातून ती शिरत नाही, म्हणून त्यांचं बुकिंग सगळ्यात आधी. छोट्या बोटीतून उतरायचं असेल तिथं सासरे जहाजावरच राहतील (प्रश्न ६).

निघायच्या वेळी सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेटचं दाखवतात, ते चुकवायचं नाही. २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, ३२ माणसं गेली, त्यानंतर हे निघतानाच करायचं सक्तीचं झालं. कोरोनानंतर बऱ्याच जहाजांवर मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि आपली जमायची जागा बघून यायची, एवढंच.

२०. नातवंडांना आम्ही आजी-आजोबाच घेऊन चाललोय, आईबाप येत नाहीत. काही लागतं?

देशात पोरांचं आधार आणि आईबापांचं सहीचं पत्र ठेवा. परदेशात नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो. आपल्याकडचा जुना जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर अधिकृत माणसाकडून करून घ्या. नगरपालिकेतून नवीन दाखला काढला तर त्यात इंग्रजीपण येतं, मला तोच मार्ग स्वस्त वाटतो.

२१. मध्येच आजारी पडलो किंवा पॉझिटिव्ह निघालो तर? मेडिक्लेम आहे आमचा.

जहाजावर डॉक्टर असतो, फुकट नसतो. आणि घरचा मेडिक्लेम परदेशी पाण्यात सहसा चालत नाही. परदेशी क्रूझला ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा आणि एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा: क्रूझ धरलीय का, जहाजावरून दवाखान्यात हलवायचा खर्च धरलाय का, आणि कोरोनामुळं वेगळं ठेवलं तर राहायचा खर्च देणार का. "सगळं आहे साहेब" हे उत्तर नाही. बीपी-शुगर लपवू नका, क्लेम तिथंच उडतो. गोळ्या चार दिवस जास्तीच्या, आणि हातातल्या बॅगेत, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते.

२२. २०२० ला कॅन्सल झालेल्या क्रूझचे पैसे एजंट देत नाही, "क्रेडिट नोट आहे, परत जावा" म्हणतोय. काय करू?

आमचेच सिंगापूरच्या दुसऱ्या ट्रिपचे अडकले होते, इथल्याच एका एजंटाकडं. आधी म्हणाला पुढच्या वर्षी वापरा, मग म्हणाला मुदत संपली, मग दुकानच हलवलं. मला शिकायला मिळालं ते असं: तोंडी बोलू नका, सगळं ईमेलवर. क्रूझ कंपनीला थेट लिहून विचारा की पैसे एजंटाला परत दिलेत का, आमच्या बाबतीत दिलेले निघाले. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. तिथं नाही झालं तर ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथंच केस करता येते, कंपनी मुंबईची असली तरी बेळगावात. ऑनलाइनसुद्धा दाखल करता येते. आमचे पैसे हेल्पलाइनच्या नोटिशीवरच आले, व्याज सोडून.

आता बुकिंग करताना कॅन्सल केल्यावर किती दिवस आधी किती कापणार, कंपनीनं स्वतः रद्द केली तर रोख का क्रेडिट, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. शक्यतो क्रेडिट कार्डनं भरा, एजंटाच्या खात्यावर यूपीआय नको.

२३. बंदरात फिरायला उतरलो आणि जहाज निघून गेलं तर?

जातंच. कंपनीच्याच सहलीला गेला असाल तर सहसा थांबतात, स्वतःच्या रिक्षानं गेला असाल तर नाही. परत यायची वेळ कार्डाच्या मागं लिहून घ्या आणि ती जहाजाच्या घड्याळाची आहे का गावाच्या ते विचारा, दोन देशांत तासाचा फरक असतो. परदेशात उतरताना पासपोर्टची झेरॉक्स, बंदरावरच्या एजंटाचा नंबर आणि थोडे पैसे खिशात ठेवा. चुकलंच तर पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चानं जायचं.

गोव्यात चुकलं तर वास्कोला या आणि गोवा एक्स्प्रेस पकडून बेळगावला उतरा, बॅगा मुंबईहून कुरिअरनं येतील. एकांच्या आल्यात, आठ दिवसांनी, आतले ओले टॉवेल तसेच.